दार नसलेल्या घरांचा संच

जुलै १९७३. सकाळचे सव्वाअकरा झाले तरी दहाची नगर गाडी घोडेगावच्या थांब्यावर आली नव्हती. बाकाच्या टोकाला बन्सी सुतार बसला होता. शेजारी हायस्कूलचे गणिताचे खर्डे सर आणि एका विद्यार्थिनीचे वडील, कानिफनाथ, बोलत होते.

“सर, नोकरी जाती म्हनं तुमची?”

“दोन वाजता नगरला संस्थेपुढं चौकशी आहे.”

“केलं तरी काय तुमी?”

“भूमिती शिकवली. यंदा तिच्यात संच आलेत. फळ्यावर दार नसलेल्या घरांचं मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या पोटात शिंगणापूरच्या घरांचं लहान. मग विचारलं, आपल्या वर्गाला दार नाही, म्हणून वर्ग शिंगणापुरात आहे का?”

“न्हाई वो!”

“मुलंही तेच म्हणाली. धडा संपला.”

“मग बिघडलं कुठं?”

“संस्थेच्या अध्यक्षांना वाटलं, वर्गाचं दार त्यांनी पळवलं असं मी सुचवतोय.”

“त्यांच्या गोठ्याला नवं दार लागलंय की! वर्गाच्याच मापाचं.”

“मापावरून ते वर्गाचं ठरत नाही. चौकशीतही मी हेच सांगणार.”

“धन्य हाय तुमची!”

बन्सी खाकरला.

“सर, त्या दाराच्या मागच्या अंगाला ‘नववी अ’ लिवल्यालं हाय. शाळेसाठी मीच बनवलं हुतं. लिवलं बी मीच.”

“ह्यावरून मात्र सिद्ध होतं. चौकशीत सांगाल?”

“गोठ्याच्या छपराचं काम बी मलाच दिलंय त्यांनी, सर.”

साडेअकराला गाडी आली. कानिफनाथ खालीच राहिले. गाडी सुटली तेव्हा सर पुढच्या बाकावर होते, बन्सी सगळ्यात मागच्या.