डावीकडे बघणारे मासे

— नाही म्हणजे नाही. माझे मासे उलटवायचे म्हणे! ती काय उशी आहे, मळकी बाजू खाली केली की झालं? ठेवा तो करारनामा. सही नंतर. बसा — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो — इथं बसा, आणि परत सांगा, काय म्हणाले तुमचे संपादक? माशांच्या पुस्तकात तोंड डावीकडेच हवं. रिवाज आहे. बरं. कुणी पाडला हा रिवाज? उजव्या हाताने चित्रं काढणाऱ्यांनी! मी डावखुरी. डावीकडून सुरू केलं तर ओल्या शाईवरून माझंच मनगट फिरणार — मग मासा कसला, डांबर. म्हणून माझ्या माशाचं डोकं उजवीकडे, आधी डोकं, आणि शेपटी शेवटी. पंचेचाळीस वर्षं. त्यातही डोळा सगळ्यांत आधी, का माहीत आहे? डोळाच आधी जातो. पाण्याबाहेर आला की बघता बघता त्यावर धुकं धरतं, मग तुम्ही काढाल ते प्रेताचं चित्र. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही हो. मासे साफ करायच्या शेडमध्ये शिकले, बर्फाच्या पाण्यात उभी राहून, खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर. पोटं फाडून फाडून शिकले कुठं काय असतं ते. एक प्रोफेसर आले होते, सुरमईच्या शेपटीजवळच्या बारक्या परांवर बोट ठेवून म्हणाले, बाई, दोन कमी पडलेत. म्हटलं, साहेब, मासा ताटात आहे, मोजा. मोजले त्यांनी. मग चहा पिऊन गेले गुपचूप.

आणि दोन्ही बाजू सारख्याच असतात हे कुणी सांगितलं तुम्हाला? हा बांगडा बघा, उजव्या गालावर गळाची जखम आहे. उलटवा — गळ लागला उजवीकडे नि रक्त डावीकडे! हा खेकडा, मोठी नांगी उजवी — उलटवा, झाला डावखुरा, माझ्यासारखा. आणि लेप माशाची तर वेगळीच तऱ्हा. चपटा, वाळूत पडून राहणारा, दोन्ही डोळे एकाच कुशीवर, डाव्या. ते दाखवायचे तर तोंड डावीकडेच येतं, इलाज नाही. मनगटाखाली टीपकागद धरून, शिव्या घालत तीन दिवस काढला मी तो. अख्ख्या गठ्ठ्यात माझा तेवढा एकच मासा डावीकडे बघतो, लिहून घ्या.

काय मोजताय? — अहो, कोपरे दुमडतील, ठेवा ते. डावीकडे बघणारे चौतीस? असतील चौतीस. एकच म्हटलं का मी? कधी कधी कंटाळा येतो माणसाला, हात बदलावासा वाटतो — नाही. असं बघू नका माझ्याकडे. आजी, आजी करून गोड बोलून काढून घेता होय? मी कुणाची आजी नाही.

जाऊ. माझी धाकटी जाऊ, तिचे आहेत ते. झालं समाधान? लग्न होऊन आली तेव्हा पेन्सिल धड धरता येत नव्हती तिला, मी शिकवली — दुपारी, ओट्यावर, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती. ती उजव्या हाताची. सहा वर्षं. माझा मासा बरोबर असतो, काटा न् काटा बरोबर. तिचा ओला असायचा. कळलं का? ओला. ते मी नव्हतं शिकवलं, मलाच येत नाही तर शिकवणार कुठून? ती कोळंबी — मागच्या खेपेला तुम्ही मुखपृष्ठाला घेतलीत, म्हणालात, मिशांमधून पाणी वाहतंय, काय हात आहे तुमचा — आणि मी गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. नव्हे कसं, तेच की. ती कोळंबी तिची. ज्या दिवशी काढली त्या दिवशी घरातले सगळे हातातली कामं टाकून बघायला आले. माझ्या चित्राला कधी कुणी उठून आलं नव्हतं. मी म्हटलं, सगळ्यांसमोर म्हटलं, एक पाय कमी आहे. कमी नव्हता. मला ठाऊक होतं. तिने मोजलेसुद्धा नाहीत — मी म्हटलं म्हणजे असेलच. ब्रश धुतले, पुसले, माझ्या डब्यात ठेवले, पुन्हा हात लावला नाही. पुढं घरं वेगळी झाली, चित्रं माझ्याकडे राहिली. एकवीस वर्षं ती मागायला आली नाही आणि मी —

खिडकी लावा ती, कागद उडतात.

तर तुमच्या मशीनवर सगळी तोंडं एकीकडे केलीत की संपलं. कुणाचा हात कुठला, कुणाला कळणार? तुमचा फोन आला तेव्हा, खोटं कशाला बोलू, पहिलं हेच आलं मनात — बरं झालं, म्हटलं. दोन दिवस बरं वाटलं. मग जेवण जाईना.

काही उलटवायचं नाही. पानांवर समोरासमोर आले तर येऊ देत, पाठ करून बसले तर बसू देत, घरात तरी काय वेगळं होतं! मुखपृष्ठ तेच. माझा बांगडा घ्या म्हणणार होते, पण नको — तेच ठेवा, आणि मला पुन्हा विचारू नका, मन फिरेल माझं. आणि हा करारनामा चालायचा नाही, एकच नाव आहे यावर. दुसरा करा, दोन नावांचा. तिची सही तुम्ही जाऊन घ्या. मी फोन केला तर ती ठेवून देईल. हा पत्ता. विचारलं तिने कुणी पाठवलं, तर सांगा — सांगा की कोळंबीचे पाय मोजले. दहाच्या दहा आहेत. एवढंच सांगा, वर काही लावू नका पदरचं.

उठा आता. दार ओढून घ्या.