बिलावर आठ लिहिलंय

हॅलो?… हॅलो, सम्यक? हां, आता येतोय आवाज… बोल बाळा… नाही, अजून उघडला नाही लॅपटॉप. तुझ्याच फोनची वाट बघत होते.

अरे, काल दुकानवाला म्हणाला ठेवून जा, सोमवारी देतो. सोमवारी घेऊन काय त्याची पूजा करू? परीक्षा आज तीनला आहे… हो ना, रविवारीच. घरूनच द्यायची, कॅमेरा लावून… मग मी म्हटलं, रॅम द्या आणि तो बारका स्टारवाला स्क्रूड्रायव्हर पण द्या, मी बसवते घरी… हसला तो. हसू दे.

किती वाजले तिकडे?… अरे हो, पुण्यात पण तेवढेच वाजणार. डोकं ठिकाणावर नाही माझं. सव्वाबारा झाले. अडीचला लॉगिन करायचंय… जेवले. म्हणजे, चहा प्यायले.

हां, फोन स्पीकरवर टाकलाय. सांग… चार्जर काढलाय. बंद केलाय. अंगातली वीज उतरावी म्हणून नळाला हात पण लावून आले, तू काल म्हणालेलास ते… खिडकी? बंद आहे. आज वारा कचऱ्याच्या डम्पिंगकडून सुटलाय, नाक धरून बसावं लागतंय… पंखा पण बंद. स्क्रू उडतील म्हणून.

ऐक ना, मी काय केलंय, कागदावर लॅपटॉपचं चित्र काढलंय. जिथला स्क्रू काढला तिथेच चित्रावर ठेवायचा… का हसतोस? अकरा वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलीत मी. एक फाइल इकडची तिकडे नाही गेली कधी.

सहा… सात… हा एक फिरत नाहीये… जोर लावते… आला. नऊ झाले… दहा. आता?… जुनं एटीएम कार्ड घेतलंय. कडेला घालून सरकवू?… तुटल्यासारखा आवाज आला रे… असाच येतो? नक्की?… निघालं, निघालं झाकण. आईगं, काय धूळ आहे आत.

आधी काय?… बॅटरीची वायर… हां, दिसली, सुटली. आता रॅम… हिरवी पट्टी, बोटाएवढी. दिसली. तिच्या खाली अजून एक जागा आहे, रिकामी… हो, अगदी तशीच. दोन जागा आणि पट्टी एकच.

बरं, मॉडेल नंबर जुळतो का बघायचाय ना? थांब, बिल आहे माझ्याकडे. तुझ्या कॉलेजसाठी घेतला तेव्हाचं… ठेवणार नाही तर काय, कागद कधी टाकलाय मी? हां. मॉडेल बरोबर आहे. पुढे लिहिलंय, रॅम आठ जीबी… कंसात, चार अधिक चार.

सम्यक.

आठ लिहिलंय रे बिलावर. यंदा परीक्षेची ती तपासणी करते तेव्हा लाल अक्षरात येतं, आठ हवेत, तुमच्याकडे चार आहेत. मग बाकीचे चार कुठे गेले?

पट्टी काढलीस?… तू?… कधी?… लॉकडाऊनमध्ये. कोणासाठी?… कुठला विकी, तो आपल्या मागच्या गल्लीतला? … बरं… त्याचीही परीक्षा होती… आठ दिवसांसाठी. आणि मग ते लोक खोली सोडून जालन्याला गेले. आणि तू मागायला लाजलास.

नाही, त्याचं मला काही नाही. तेव्हा लॅपटॉप तुझा होता, मित्राला दिलीस, ठीक आहे. दुसरं विचारते. मागच्या वर्षी मी नापास झाले. त्या दिवशी पेपर तीनदा अडकला, पानच उघडेना. तेव्हा तुला माहीत होतं?

… हं.

म्हणजे माहीत होतं.

थांब, हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवते.

… आहे, फोन चालू आहे. ऐक. मी आमच्या हॉस्पिटलच्या दर्शना मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं होतं, मॅडम, या वयात माझं डोकं नाही चालत, पोरी झटझट करतात, मला वेळ पुरत नाही. त्या म्हणत होत्या, नंदाताई पुन्हा बसा. मी नाही म्हटलं. आठ महिने नाहीच म्हणत होते. वरच्या मजल्यावर आजारांना कोड देतात, त्या कोडिंगच्या खुर्चीकडे बघायचं पण सोडून दिलं. डिसेंबरात रेकॉर्ड रूम बंद होणार म्हणून नाइलाजाने फॉर्म भरला. पास झाले तर वर, नाही झाले तर घरी… तुला हे सगळं माहीत होतं आणि तू म्हणायचास, आई, होतं असं, टेन्शन घेऊ नको.

… मी रडत होते म्हणून सांगितलं नाहीस? अरे, डोकं चालत नाही असं समजूनच तर रडत होते.

नाही… नाही रे, आता नाही रडत. नाक पुसतेय, धूळ आहे… थांब, मागच्या वर्षीचा निकाल याच फाइलीत आहे. हा बघ. मी तेव्हा नुसतं खालचं अनुत्तीर्ण वाचलं आणि फाइल मिटली. वर काय लिहिलंय ते बघितलंच नाही… मी. रेकॉर्ड रूमवाली. एकूण प्रश्न शंभर. उघडलेले एकसष्ट. बरोबर… थांब, चष्मा. बरोबर सत्तावन्न.

एकसष्टमधले सत्तावन्न, सम्यक.

येत होतं रे मला. सगळं येत होतं… कसं सांगू तुला, वर्षभर डोक्यावर गोणी होती, आता कोणीतरी उतरवून घेतली. मी ढ नव्हते… हो, हो, कळलं, सॉरी म्हणालास ना. किती वेळा म्हणशील. तुझ्यावर चिडायचंय मला, मनापासून चिडायचंय, पण आत्ता वेळ नाही. एक वाजत आला. बोल, पट्टी कशी घालू?

तिरकी… खाच जुळवून… मग खाली दाबायची. दाबली. झाकण नको लावू आधी? बरं, बॅटरीची वायर लावते… लावली. बटण दाबते.

… पंखा फिरतोय. स्क्रीन काळीच आहे… काळीच… अजून काळीच. सम्यक, काय केलं मी? तू इथे नाहीस, दुकान बंद, आणि मी… हो. हो, शांत आहे. वायर काढते. पट्टी परत काढते… नीट बसली नव्हती? टक असा आवाज यायला हवा होता?… नाही आला मघाशी. मला वाटलं मोडेल, म्हणून हलकेच दाबली मी.

आता दाबते जोरात. अंगठ्याने… टक झालं. ऐकलंस?… दोन्ही बाजूंना, हो.

बटण…

आलं. आलं रे, आलं… थांब, उघडू दे… अगंबाई, लगेच उघडलं. आधी भाजी फोडणीला टाकून यायचे मी तोवर… बारा दाखवतोय. आठ आणि जुने चार, बरोबर. परीक्षेची तपासणी लावते… कॅमेरा हिरवा… आवाज हिरवा… इंटरनेट हिरवं… रॅम…

हिरवं. सगळं हिरवं. लाल कुठेच नाही.

… हो, बसलेच आहे. थांब, पाणी पिते… हां. झाकण लावते, दहाचे दहा स्क्रू, चित्रावर आहेत सगळे. मग आमटी-भात खाते दोन घास. शेजारच्या सपनाला सांगून ठेवलंय, तीन ते पाच मिक्सर लावू नकोस, कुकर पण नको.

काय?… नाही, तू फोनवर थांबून काय करणार? खोलीत फोन ठेवायचाच नाही, नियम आहे. सपनाकडे देऊन येणार… अरे, चिडलेय ना, पण मनात धरून नाही बसणार. पुढच्या शनिवारी घरी ये, समोर बसवून ऐकवते सगळं. विकीला फोन कर, कसा आहे विचार, रॅमचं काढू नको… हो, नक्की. त्याचा पेपर झाला होता का तेव्हा?… पास झाला? बरं झालं. कोणीतरी पास झालं त्या पट्टीवर.

घाबरू नको रे, आवाज का असा?… ऐक माझं. जमलं तर जमलं. आणि नापास झालेच ना, तर या वेळी माझी मी होईन, लॅपटॉपमुळे नाही. त्याला मी तयार आहे.

… हो. हो. जेव तू पण. ठेवते.