मॅनेजरसाहेबांचं माप

(प्राण्यांच्या सामानाचं दुकान. दोन रिकामे क्रेट, एक मधला, एक मोठा. त्यांच्यासमोर फरशीवर आडवा पडलेला एक तपकिरी कुत्रा.)

दुकानदार : पिंजरा म्हणू नका, मॅडम. क्रेट म्हणा. पिंजरा म्हटलं की कस्टमरला उगाच वाईट वाटतं.

धाकटी : आणि क्रेट म्हटलं की कुत्र्याला बरं वाटतं?

दुकानदार : तसं नाही, पण...

दादा : अगं, त्यांना त्यांचं काम करू दे. उद्या दुपारी तुझं आणि याचं विमान आहे. हा मधला घेऊन टाकू. पुरे होतो.

धाकटी : कुणाला पुरे होतो? कुत्र्याला की तुझ्या गाडीच्या डिकीला?

दादा : डिकीत नको मावायला? विमानतळापर्यंत डोक्यावर घेऊन जाणारेस का?

धाकटी : जाईन की. या घरात डोक्यावर ओझी घ्यायची सवय एकट्या तुलाच आहे, असं वहिनी सांगत असते. मलाही एकदा संधी मिळू दे.

दुकानदार : मधला पण छान आहे हं, मॅडम. एकदम प्रशस्त. हवेशीर. वन रूम किचनच म्हणा ना.

धाकटी : समुद्र दिसतो का त्यातून?

दुकानदार : हॅ हॅ. मॅडम गमतीदार आहेत.

दादा : फार. बालपणापासून आम्ही हसतोच आहोत.

धाकटी : विमानवाल्यांचा नियम काय आहे, तेवढं सांगा.

दुकानदार : सोपं आहे. आत नीट उभं राहता आलं पाहिजे, डोकं छताला न लागता. कान ताठ करत असेल तर कानांच्या टोकापर्यंत उंची धरायची. वळता आलं पाहिजे. पाय पसरून झोपता आलं पाहिजे. यातलं एक जरी जमलं नाही, तर तिथूनच परत पाठवतात. कालच एकांचा परत आला. बाई रडत होत्या बिचाऱ्या.

धाकटी : ऐकलंस, दादा? उभं राहणं, वळणं, पाय पसरणं. सामानाच्या कप्प्यातून जाणाऱ्या कुत्र्यासाठी केवढा विचार केलाय लोकांनी. बाबांच्या खोलीला असा काही नियम लागत नसेल, नाही?

दादा : झालं सुरू.

धाकटी : पलंग आणि कपाट यांच्यामधून बाबा तिरके होऊन जायचे. आयुष्यभर ऑफिसात अंग चोरून बसले, घरीही सराव सुटला नाही.

दादा : बाबांना जाऊन तीन आठवडे झालेत. तीन आठवडे तू हे टोमणे जपून ठेवलेस आणि सोडायला हे दुकान निवडलंस?

धाकटी : घरी वहिनी असते. तिला शिंका येतात. आधी कुत्र्यामुळे यायच्या, हल्ली माझ्यामुळे येतात.

दुकानदार : मी... पाणी आणू का तुमच्यासाठी?

दादा : नको. तुम्ही टेप आणा. हे बघ, मी साधं सांगतोय. बाबा गेल्यापासून हा उठतच नाही. गाडीतून इथे आणलाय तोसुद्धा उचलून. दिवसभर पडून असतो. उभाच राहत नाही, वळतही नाही, त्याला मोठी जागा घेऊन करायचंय काय?

धाकटी : पडून असतो म्हणून लहान जागा, की लहान जागा म्हणून पडून असतो? बाबांच्या बाबतीतही हे विचारायचं राहूनच गेलं.

दादा : तू फोनवर विचारायचीस की. दर रविवारी. जेवलात का, औषध घेतलंत का, ठेवू का.

दुकानदार : टेप आणली. नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत झोपूनही घेता येतं. उंचीला मात्र उभा करावा लागेल. नाव काय याचं?

धाकटी : मॅनेजर.

दुकानदार : अं?

धाकटी : आमचे वडील क्लार्क होते. जन्मभर मॅनेजर आत आला की खुर्चीवरून उठायचे. रिटायर झाल्यावर कुत्रा आणला आणि त्याचं नाव मॅनेजर ठेवलं. आमच्या घराण्यात झालेलं एवढं एकच बंड.

दुकानदार : हॅ हॅ! ऊठ रे, मॅनेजर! अप! अप, बेटा!

धाकटी : मॅनेजरला बेटा म्हणालात, संपलं. ऊठ, मॅनेजर. ऊठ ना रे. बिस्किट बघ. हे बघ.

दुकानदार : ह्याला हे दाखवू. रबरी बदक. आवाज करतं. बघा हं... नाही. याला बदक आवडत नाही.

धाकटी : याला या क्षणी आपल्यापैकी कुणीच आवडत नाही. बदकाने मनाला लावून घेऊ नये.

दुकानदार : दोन्ही हातांनी पोटाखालून उचला, मॅडम. मी पटकन माप घेतो. असं... अरे, पायच टेकत नाही हा. कान पण पडलेत. लोंबत्या कानांचं माप काय घेणार?

दादा : लोंबते नाहीत ते.

दुकानदार : मग असं करा, सर म्हणतात तसा मधलाच न्या. या अवस्थेत त्याला आरामात होईल.

धाकटी : या अवस्थेत. म्हणजे तो असाच राहणार, हे आपण तिघांनी मिळून ठरवलं. अंगातलं बळ गेलेल्याच्या मापाचं घर. दादा, घे रे मधला. अनुभव आहे आपल्याला.

दादा : खोली लहान होती. माहीत आहे मला. रोज दिसत होती. बस? आता हो बाजूला.

धाकटी : काय करतोयस?

दादा : तू जरा तिकडे बघ. तुम्हीपण. ते... पट्टे वगैरे बघा.

दुकानदार : मी माझ्याच दुकानातले पट्टे बघू?

दादा : बघा हो. (घसा खाकरून, हलक्या, वेगळ्याच आवाजात) मॅनेजरसाहेब. उठता का? पाच वाजले. सह्या राहिल्यात.

दुकानदार : अरे! अरे, उठला की! मॅडम, उठला!

धाकटी : हा बाबांचा आवाज होता.

दादा : टेप धरा लवकर. फार वेळ उभा नाही राहायचा.

दुकानदार : आणि कान बघा, कान! एवढे मोठे लपवले होते होय? मधल्यात तर छताला टोचतील. मोठाच लागणार, सर.

दादा : मोठा घ्या.

धाकटी : सह्या कसल्या, दादा?

दादा : कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावरच्या. हा पाय वर करायचा आणि बाबा शेजारी हात बांधून उभे. म्हणायचे, नोकरीभर साहेबाच्या सहीसाठी थांबलो, अजून थांबतोय. याला अरेतुरे केलेलं खपायचं नाही त्यांना. मी एकदा ‘चल रे’ म्हणालो, तर म्हणाले, वरिष्ठांशी असं बोलतात का?

धाकटी : तू जायचास त्यांच्याबरोबर?

दादा : गुडघे गेल्यावर कोण नेणार? रोज संध्याकाळी. एका हातात बाबा, एका हातात हा. दोघेही आपापल्या दिशेला ओढायचे.

धाकटी : बोलला नाहीस कधी.

दादा : तू विचारलं नाहीस. जेवलात का, औषध घेतलंत का.

धाकटी : ठेवू का. हो. ऐकलं मघाशी.

दुकानदार : सर, एकदा आत घालून बघता का? नियम आहे. वळतो का, ते बघायला लागतं.

दादा : तू सांग त्याला. उद्यापासून तुलाच सांगायचंय.

धाकटी : आत जा, मॅनेजर.

दादा : काय ‘जा’? नोकरी जाईल तुझी.

धाकटी : साहेब... आत या. या, साहेब. इकडून. डोकं सांभाळा.

दुकानदार : गेला! बघा, वळला पण. एकदम फर्स्ट क्लास. मी म्हटलं नव्हतं, मोठाच घ्या?

धाकटी : तुम्ही वन रूम किचन म्हणाला होतात.

दुकानदार : ते... सुरुवातीला. पण बसत का नाही हा? जागा आहे की भरपूर. नुसता दाराकडे बघत उभा आहे.

दादा : मागून कुणी येतंय का बघतोय.

दुकानदार : कोण यायचंय? अजून कोणी आहे का तुमच्याबरोबर?

दादा : नाही. आम्ही दोघंच. तू बोल ना त्याच्याशी. मला परत नाही जमायचा तो आवाज.

धाकटी : माझ्याच आवाजात बोलते. सवय होऊ दे त्याला... बसा, साहेब. कान खाली केलेत तरी चालतील आता. या वेळी बाबा सहीसाठी थांबले नाहीत.