काळूराम गोवारी यांच्या फिल्ममधील दहा दोष

जबाब, दि. १७ नोव्हेंबर २०२५

मी उदयसिंह बाबासाहेब शितोळे, वय ६६ वर्षे, धंदा सेवानिवृत्त मुख्याध्यापक, रा. कामोठे, ता. पनवेल. समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी सुनीता हिच्यासह राहतो व सोसायटीच्या सिनेमा मंडळाचा अध्यक्ष आहे.

मंडळ दर रविवारी दुपारी चार वाजता हॉलमध्ये एकाच विषयावरचे दोन सिनेमे लागोपाठ दाखवते. सरस कोणता, ते हात वर करून ठरते. हरलेला सिनेमा आणणाऱ्याने स्टुलावर उभे राहून त्याचे दहा दोष मोठ्याने वाचायचे, नंतर तो सिनेमा सर्वांदेखत मंडळाच्या पेनड्राइव्हवरून पुसायचा, म्हणजे जुनी भांडणे कोणी उकरत नाही. हे नियम माझे आहेत. दोषही मीच लिहितो. पस्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्याने हात बसला आहे.

दि. ९ रोजी घरी काढलेल्या फिल्म होत्या, विषय भाकरी करणारी बाई. बँकेत नोकरी करणाऱ्या वल्लरी यांनी सासूबाईंची फिल्म आणली. तीत ड्रोन व सतार होती. तळमजल्यावरचे काळूराम गोवारी, वय ७१, मूळचे कामोठे गावातले, यांनी पत्नी सखूबाई हिची मोबाईलवर काढलेली अकरा मिनिटांची फिल्म आणली. सखूबाई जूनमध्ये वारल्या. हे मला माहीत होते, मी अंत्ययात्रेला गेलो होतो.

फिल्म संपल्यावर बायका डोळे पुसत होत्या. मला रडारड आवडत नाही. मते चौदा-चौदा पडली. अध्यक्षाचे मत मी वल्लरी यांना दिले. मेलेल्या माणसाला वाढीव गुण द्यायचे तर परीक्षाच बंद कराव्या लागतील.

काळूराम स्टुलावर चढले व बोट फिरवत वाचू लागले. बाईचे डोके चौकटीबाहेर जाते. ती कॅमेऱ्यामागच्या माणसाशी बोलते. बोलते तेही विषय सोडून, की "तुमी आदी जेवा, मंग काढा फोटू." पाचव्या मिनिटाला भाकरी करपते व बाई हसत सुटते, त्यात एक मिनिट वाया जाते. पुढे खोकल्यामुळे शब्द कळत नाहीत. असे नऊ दोष त्यांनी वाचले. दहावा वाचला नाही, तो मी वाचला. फिल्मला शेवट नाही, मध्येच तुटते.

मी पुसायला बसलो तेव्हा काळूराम जवळ येऊन म्हणाले, "गुरुजी, माज्याकडं दुसरी नाय." मोबाईल भरला म्हणून दुकानदाराने फिल्म मंडळाच्या पेनड्राइव्हवर काढून मोबाईल रिकामा करून दिला होता, असे त्यांनी सांगितले. मी म्हणालो, नियम सर्वांना सारखा. खरे सांगायचे तर मला त्यांचे बोलणे पटले होते. पण अठ्ठावीस माणसांसमोर मागे हटणे मला जमले नसते. मी कळ दाबली.

मंगळवारी ते पेनड्राइव्ह मागायला घरी आले. त्यावर मी पुढच्या रविवारचे दोन युद्धपट भरून ठेवले होते. तरी दिला. आता काही निघणार नाही, असे दुकानदाराने सांगितल्यावर ते परत आले व दोषांचा कागद मागू लागले. तो मंडळाच्या दप्तराचा आहे, अर्ज करा, असे मी सांगितले. अर्ज त्यांनी केला नाही. त्यांची मुलगी रमा हिने या पोलीस ठाण्यात तक्रार केली. सुनीता त्या रविवारपासून माझ्याशी बोलत नाही, पण त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

सदर कागद मी आज हजर केला आहे. तो जप्त झाल्याने काळूराम यांना आता मिळणार नाही, असे मला सांगण्यात आले. त्या वेळी काळूराम समोरच्या बाकावर बसले होते.

हा जबाब मला वाचून दाखवला. दोषांचा भाग काळूराम यांच्या विनंतीवरून तीन वेळा वाचण्यात आला. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.