खिडकीखालचा डबा

...आणि वर मलाच विचारतात, डब्याचा नंबर काय? अहो, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कचऱ्याचा सार्वजनिक डबा, बूड फुटलेलं, झाकण गायब, वर डोंगर, खाली ओघळ, खिडकी उघडली की घास घशाखाली उतरत नाही, बायकोनं बजावलं, "एक तर तो डबा जाईल, नाहीतर मी माहेरी जाईन," म्हणून मुकाट्यानं पालिकेत फोन केला, तर तिथल्या बाई नाकातून म्हणतात, "नंबर झाकणावर असतोऽ." बाई, झाकणच नाहीये! "मग झाकणाची वेगळी तक्रार कराऽ." तुम्हाला सांगतो, तक्रार करू नये माणसानं.

पण केली. दोन्ही केल्या. शेवटी बाईच कंटाळल्या असाव्यात... म्हणाल्या, उद्या सकाळी साहेब बघायला येतील. आणि इथं माझी अक्कल गहाण पडली बघा, मी ते घरात सांगितलं! आमच्याकडे कुणी येणार म्हटलं की काय होतं, माहितेय? आई पहाटेच उठून बसली. "परका माणूस यायचा, दारातली घाण बघून काय म्हणेल?" मी आंघोळ करून खाली येतो तर काय... कचरा पोत्यांत भरून चौकातल्या डब्यात पोचलेला, बायको बादल्या ओततेय, शेजारच्या काकांनी बुडाला पत्रा ठोकलाय, वर आमच्या पिंपाचं झाकण! डबा कसा, आत्ता दुकानातून आणल्यासारखा.

"अगं आई, तो घाणेरडा दिसायला हवा होता!"

"आणि चारचौघांत आपली शोभा व्हायला हवी होती?"

आता काय करणार? धावत वर गेलो, कांद्याची सालं आणली, डब्याभोवती जरा कलात्मक पसरतोय, तेवढ्यात मागून आवाज, "काय हो, डबा समोर असताना रस्त्यावर टाकता?" साहेब! तुम्हाला सांगतो, तक्रार करू नये माणसानं.

साहेबांनी झाकण उघडलं, वास घेतला, फोटो काढला, आईच्या हातचा चहा घेतला. "इतका टापटीप डबा मी नोकरीत पाहिला नाही. तक्रार कोणाची होती?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सख्ख्या आईनंसुद्धा! जाताना म्हणाले, "चौकातला डबा फार भरून वाहतोय. तोही इथंच ठेवतो. सांभाळणारी माणसं आहेत."

आता खिडकीखाली दोन डबे आहेत. काय म्हणालात, बायको माहेरी गेली का? छे हो... मीच म्हटलं, जाऊन ये चार दिवस. तर म्हणते, "आणि मागे साहेब आले म्हणजे?" रोज सकाळी उठून डबे घासते.

मी? मी झाकणं पुसतो.