हजेरीत नसलेला दत्तू

बाई माणूस आगीत काय करणार, असं मला तोंडावर विचारणारा आपल्या रत्नागिरीचाच होता. इक्बालभाई, दुबईत जबल अली बंदरावरच्या गोदामातले आमचे सुपरवायझर. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मी तिथं चहा करायची. सरकारी बंबवाले येईपर्यंत माणसं बाहेर काढून मोजायची आणि आत कोण राहिलंय ते त्यांना सांगायचं, यासाठी कंपनीनं आमच्यातलेच दहा जण निवडले होते.

मी म्हटलं, "माझं नाव घाला."

"चौथी शिकलात सुमनताई. हजेरी वाचता येईल का?"

एका दुपारी गोदाम खरंच पेटलं. बंब आला. इक्बालभाईंनी हजेरी वाचली आणि बंबाच्या अरब ऑफिसरला सांगितलं, "खलास, सब बाहर."

मी ओरडले, "दत्तू कुठाय?"

"तो रात्रपाळीचा. कॅम्पवर झोपला असेल. गप्प बसा."

"कॅम्पचा एसी बंद आहे. तो इथंच माळ्यावर, खोक्यांमागं झोपतो. तासापूर्वी मीच चहा दिलाय त्याला!"

बंबवाले बाहेरूनच पाणी मारायला लागले होते. मी सरळ ऑफिसरच्या आडवी उभी राहिले. "साब, एक आदमी अंदर है. ऊपर. मैं नहीं हटेगी."

त्यानं हजेरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "यल्ला!" म्हणत त्यानं आपल्या माणसांना आत जायची खूण केली.

दोघं बंबवाले मास्क लावून आत शिरले आणि दत्तूला खांद्यावर टाकून घेऊन आले. खोकत होता, पण जिवंत होता.

इक्बालभाई खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, उद्यापासून तुम्हाला टीममध्ये घेतो."

"उद्या कशाला? काढा ते तुमच्या अंगातलं टीमचं लाल जाकीट, आत्ताच घालते."