पत्र्याची दिशा आणि पुण्याची जागा

सन्माननीय अध्यक्ष, आमचे प्राचार्य रतिलाल चौधरी सर, व्यासपीठावरील उद्योजक चुडामणभाऊ, आज निरोप घेणाऱ्या डॉ. मिसबाह शेख, त्यांचे वडील अमीनभाई, आणि जळगावच्या आमच्या कॉलेजातील मित्रमैत्रिणींनो,

मॅडमबद्दल मीच बोलावं, असा सरांचा आग्रह. का? तर आमचा विषय एकच. पत्रा दाबून भांडं करताना तो कुठे फाटेल, हे आधीच संगणकावर पाहायचं. या विषयात मी मॅडमच्या कितीतरी आधीपासून आहे. असो.

गेल्या वर्षी चुडामणभाऊंचा फोन आला. "सर, बठ्ठा डबा फाटी ग्यात!" ॲल्युमिनियमचे चौकोनी डबे, सगळेच फाटायचे, नेमके कोपऱ्यात. मी गणित मांडलं. संगणक म्हणाला, डबा फाटणार नाही. भाऊंच्या पत्रा दाबायच्या प्रेसवर तो फाटतच राहिला.

मग मॅडम भाऊंच्या कारखान्यात गेल्या. त्यांनी पत्र्याच्या उभ्या, आडव्या, तिरक्या पट्ट्या कापून ओढून पाहिल्या. लाटलेला पत्रा सगळ्या दिशांना सारखा ताणला जात नाही, हे वर्गात मीच शिकवतो, बरं का! मॅडमनी प्रत्येक दिशेचे वेगळे आकडे संगणकावरच्या मॉडेलमध्ये घातले, आणि पडद्यावरचा डबा कोपऱ्यात फाटला. मग म्हणाल्या, "भाऊ, पत्रा तिरका कापून बघा." डबे धड निघाले. भाऊंनी पेढे वाटले. मीही खाल्ला. गोड होता, नाही कशाला म्हणू?

खरं सांगू? मला हेवा वाटला. अजून वाटतो.

मॅडम पुण्याच्या ज्या संशोधन संस्थेत चालल्या आहेत, त्याच जागेसाठी माझीही मुलाखत झाली. पहिलाच प्रश्न आला, "तुमच्या कॉलेजातल्या मिसबाह शेख यांचं मॉडेल समजावून सांगाल?"

काय करणार? फळ्यापाशी गेलो. पत्र्याच्या दिशा, आलेख, सगळं काढलं. मधेच रंगूनही गेलो. एक परीक्षक म्हणाले, "वा, सुरेख काम आहे!" तेव्हा कळलं, जागा कोणाची ते.

बाहेर बाकावर मॅडम बसल्या होत्या. "सर, कसं झालं?"

म्हटलं, "जा आत. तुमची अर्धी मुलाखत देऊन आलोय."

अमीनभाई, तुमच्या लेकीवर मी जळतो, हे तुमच्यासमोर सांगतो. आणि येत्या सत्रापासून वर्गात तिचंच मॉडेल शिकवणार आहे. त्याहून चांगलं माझ्याकडे नाही.

मॅडम, खूप मोठ्या व्हा. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. एखादा शब्द बोचला असेल, तर घरचाच माणूस बोलला म्हणून पोटात घाला.